कमीत कमी बत्तीस तुकडे

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाला मोजायचं व्यसन होतं. डार्विनचा हा नात्यातला भाऊ. घरचं बरं होतं, पोटापाण्याची ददात नव्हती, आणि अशा माणसाच्या हातात एकदा फूटपट्टी आली की काय होतं ते त्याच्या चरित्रात जागोजाग दिसतं. त्यानं बोटांचे ठसे तपासले, हवामानाचे नकाशे काढले, कुठल्या गावच्या बायका दिसायला उजव्या याचा हिशोब खिशातल्या कागदाला टाचणीनं भोकं पाडून ठेवला. राजेलोकांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर प्रार्थना होतात, तर ते खरोखर जास्त जगतात का, हेही त्यानं १८७२ साली आकडे मांडून पाहिलं. (जगत नाहीत. खात्यापित्या घरचे इतर लोक त्यांच्यापेक्षा जास्त टिकतात.) मोजण्याची हीच खोड पुढे माणसांच्या पैदाशीची प्रतवारी लावण्यापर्यंत गेली आणि ते प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण १८८५ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यानं एक छोटंसं टिपण छापलं, त्याबद्दल मात्र आपल्याकडच्या प्रत्येक सभागृहानं त्याचं ऋण मानायला हरकत नाही. त्यानं कंटाळा मोजला.

झालं असं, की गाल्टन एका सभेला गेला होता आणि कुणीतरी एक लांबच लांब निबंध वाचत होतं. ऐकण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो बघू लागला. श्रोते सारखे हलत होते. त्यानं पन्नासेक डोकी मावतील एवढा टप्पा नजरेनं आखून घेतला आणि हालचाली मोजायला घेतल्या. मिनिट कळायला घड्याळ हवं, पण घड्याळ बाहेर काढलं की लोकांचं लक्ष जातं. म्हणून तो स्वतःचे श्वास मोजायचा. पंधरा श्वास म्हणजे एक मिनिट, हे त्यानं आधीच जमवून ठेवलं होतं. निष्कर्ष असा निघाला, की कंटाळलेला माणूस मिनिटाला साधारण एकदा चुळबूळ करतो आणि भाषणात थोडा राम आला की हे प्रमाण निम्म्यावर येतं. निरीक्षणासाठी माणसं मध्यमवयीन निवडावीत, असा सल्लाही त्यानं देऊन ठेवलाय. मुलं कधी स्वस्थ बसत नाहीत आणि वृद्ध तत्त्वज्ञ कधीकधी मिनिटंच्या मिनिटं ताठच्या ताठ राहतात.

आपल्याकडे वृद्ध तत्त्वज्ञांसाठी पहिली रांग राखीव असते. तिथे तासभर पान हलत नाही. ते चिंतन आहे की झोप, हे ओळखायची युक्ती मात्र गाल्टननं सांगितलेली नाही.

मी त्याची पद्धत एका सत्कार समारंभात वापरून पाहिली. सत्कारमूर्ती एकच होते, पण त्यांच्याविषयी बोलणारे सात होते, आणि प्रत्येकानं "आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे" असं म्हणून ते पुन्हा सांगितलं. दोन वक्त्यांच्या मध्ये सूत्रसंचालिकाबाई स्वतःच्या चारोळ्या म्हणत होत्या. मी डावीकडची खुर्च्यांची एक पट्टी निवडली आणि श्वास मोजू लागलो. श्वास मोजणं हा आपल्या देशात मन शांत करण्याचा फार जुना उपाय आहे, हे गाल्टनला कुणी सांगितलं नसावं. थोड्याच वेळात मला इतकं शांत वाटू लागलं, की आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांनीच जाग आली. शेजारचे गृहस्थ आदरानं म्हणाले, "विपश्यना करता वाटतं?"

पण झोप लागण्याआधी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. सभागृहाला दारं चार होती आणि चारही उघडी होती. बाहेर बटाटेवड्याचा वास सुटलेला. तरी कुणी उठत नव्हतं. चुळबूळ मिनिटाला एक काय, चार झाली असेल, पण बूड खुर्चीला चिकटलेलं. हे चिकटणं कशानं होतं, ते गाल्टननं मोजलं नाही. ते मोजायला पुढे मानसशास्त्रज्ञ आले.

नकोशा कामात माणूस किती वेळ टिकतो, हे पाहायचं तर आधी नकोसं काम हवं. सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं म्हणजे बर्फाचं पाणी. १९३२च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी रक्तदाब कसा चढतो हे बघण्यासाठी रोग्यांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली. पुढे इतरांच्या लक्षात आलं, की रक्तदाब राहू द्या, माणूस हात बाहेर कधी काढतो हेच जास्त मजेचं आहे. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या विद्यापीठांत विद्यार्थी बादलीत हात घालून बसलेले आहेत.

त्यातला माझा लाडका प्रयोग इंग्लंडातल्या कील विद्यापीठाचा, २००९ सालचा. रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच अंश सेल्सिअस पाण्यात हात घालायला लावला. एकदा हात पाण्यात असताना शिवी देत राहायचं, आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा शब्द म्हणत राहायचं. शिवी कुठली, तर अंगठ्यावर हातोडा बसल्यावर तुमच्या तोंडून जी बाहेर पडेल ती. शिवी देणारे सरासरी चाळीसेक सेकंद जास्त टिकले. या शोधाला २०१० साली हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं ते 'इग नोबेल' पारितोषिक मिळालं, आणि तेही शांततेचं.

आता ही गोष्ट मालवणात कुणाला सांगायला जाल तर तो विचारील, "मगे, ह्यात शोध कसलो?" ज्या मुलखात सकाळी दारात आलेल्या मित्राचं स्वागतच शिवीनं होतं, तिथे या विषयातले तज्ज्ञ घरोघरी आहेत. पण स्टीफन्सनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, ती मालवणी माणसाच्या काळजाला लागेल. रोजच्या बोलण्यात जो भरपूर शिव्या देतो, त्याला या उपायाचा गुण कमी येतो. थोडक्यात, आयुष्यभर तोंड आवरून बसलेल्या पुण्याच्या पेन्शनरानं एकदाच मनापासून शिवी दिली, तर तो बादलीत हात घालून संध्याकाळपर्यंत बसेल. सदाशिव पेठेत साठून राहिलेल्या या ताकदीकडे सरकारचं अजून लक्ष गेलेलं नाही.

बर्फानंतर मुळा. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या विद्यापीठात रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशीपोटी विद्यार्थी बोलावले. खोलीतच भट्टी लावून चॉकलेटची बिस्किटं भाजली, म्हणजे वास दरवळायला हवा. मग काही जणांना ती बिस्किटं दिली आणि काही जणांना सांगितलं, बिस्किटांना हात लावायचा नाही, शेजारच्या वाडग्यातले मुळे खायचे. मुळेवाले एकटे असताना काय करतात, हे एका बाजूनं दिसणाऱ्या आरशामागून पाहिलं. काही जण नुसतं बिस्किट उचलून हुंगत होते. त्यानंतर सगळ्यांना एक भूमितीचं कोडं दिलं, जे सुटणारं नव्हतंच. कंटाळलात की घंटा वाजवा. बिस्किटवाल्यांनी जवळजवळ १९ मिनिटं खटपट केली. मुळेवाल्यांनी ८ मिनिटांत घंटा बडवली. यावरून १९९८ साली सिद्धांत मांडला गेला, की मनोनिग्रहाचा साठा मर्यादित असतो आणि तो मुळ्यात खर्च होतो.

या प्रयोगात आणखी एक गट होता, ज्याला ना बिस्किट दिलं ना मुळा. तो सगळ्यात जास्त टिकला, २१ मिनिटांच्या आसपास. एकादशी करणाऱ्या मंडळींनी हा आकडा पाठ करून ठेवावा.

सिद्धांत फार गाजला. डाएट मोडणाऱ्यांना तर तो वरदानच वाटला. दिवसभर साहेबासमोर गप्प बसलो, निग्रह संपला, म्हणून रात्री श्रीखंडाचा डबा संपला, असं शास्त्रीय कारण आता देता येऊ लागलं. पुढे २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त माणसांना दुसरी एक कंटाळवाणी कामगिरी देऊन, ही कल्पना पुन्हा ताडून पाहिली. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे साठा संपतो म्हणतात तो बहुधा तसा संपत नाही, हे कळायला एवढ्या लोकांनी आपापला साठा खर्च केला. श्रीखंडाला आता नवं कारण शोधावं लागेल.

यापेक्षा जुना, आणि माझ्या मते जास्त शहाणा, प्रयोग बर्लिनचा. १९२०च्या दशकात तिथे कुर्ट लेविन यांच्या हाताखाली अनित्रा कार्स्टेन नावाची विद्यार्थिनी काम करत होती. ती माणसांना कागदावर रेघा ओढायला बसवायची. ओढत राहा, नको होईल तेव्हा थांबा. काहींना तीच ती कविता मोठ्यानं वाचायला द्यायची. माणसं टेकीला यायची. हात उचलत नाही म्हणायची, वाचणाऱ्यांचा घसा बसायचा. आणि मग गंमत व्हायची. घसा बसलेला माणूस हे काम किती भिकार आहे हे सांगायला लागला, की त्याचा आवाज खणखणीत निघायचा. एक रेघही ओढवत नाही म्हणणारी बाई तोच हात उचलून केस सारखे करायची.

कार्स्टेनबाईंना बर्लिनमध्ये जे सापडलं, ते आमच्या घरी बिरड्याच्या दिवशी दिसतं. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे असतात. साल बोटाला चिकटते, डाळिंबी पंख्याखाली उडी मारून जाते आणि परातीतला ढीग कमी होताना दिसत नाही. मूठभर वाल झाले की माझी बोटं आखडतात, मान धरते, पायाला मुंग्या येतात. मी तसं जाहीर करून उठतो, कोचावर आडवा होतो आणि त्याच आखडलेल्या बोटांनी मोबाइलवर तासभर इतरांच्या सहलींचे फोटो वर सरकवत राहतो. बायको हे सगळं बघत असते. बर्लिनला न जाता तिनं तोच निष्कर्ष काढलेला आहे आणि तो तिनं नियतकालिकात न छापता थेट मला सांगितलेला आहे.

आता या सगळ्याच्या शिखरावरचा प्रयोग. हा बोस्टनचा, आणि तो केला मार्टिन ऑर्न या मनोविकारतज्ज्ञानं. त्याला माणूस किती टिकतो हे बघायचंच नव्हतं. त्याला संमोहन तपासायचं होतं. त्यासाठी त्याला असं एक काम पाहिजे होतं, की जे शुद्धीवरचा माणूस थोड्याच वेळात सोडून देईल. मग संमोहित माणूस ते करत राहिला, तर संमोहनात काही तथ्य आहे म्हणता आलं असतं. म्हणून त्यानं जगातलं सगळ्यात निरर्थक काम शोधायला घेतलं.

कागदावर आकड्यांच्या ओळी. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची बेरीज करत जायचं. एका कागदावर २२४ बेरजा. समोर कागदांचा गठ्ठा, सुमारे २,००० कागदांचा. म्हणजे एकूण ४ लाख ४८ हजार बेरजा. एका बेरजेला दोन सेकंद धरले तरी न जेवता, न झोपता दहा दिवस. माणसाचं घड्याळ काढून घ्यायचं, काम चालू ठेवा, मी येईन केव्हातरी, असं सांगायचं आणि निघून जायचं.

साडेपाच तासांनी कंटाळला तो प्रयोग करणारा. समोरचा बेरजा करतच होता, आणि वेग किंवा अचूकपणा विशेष घसरलेला नव्हता.

तेव्हा ऑर्ननं काम आणखी नासवलं. एक कागद पुरा झाला की बाजूच्या गड्डीतलं एक कार्ड उचलायचं, त्यात पुढे काय करायचं ते लिहिलेलं. कार्ड काय सांगतं? आत्ता पुरा केलेला कागद फाडा, कमीत कमी बत्तीस तुकडे करा, आणि पुढचा कागद घ्या. तो पुरा झाला की पुन्हा कार्ड. त्यावरही तेच. गड्डीतल्या सगळ्या कार्डांवर तेच. आता तरी हा माणूस खुर्ची फेकून निघून जाईल? छे. बेरजा, बत्तीस तुकडे, बेरजा, बत्तीस तुकडे, असं माणसं तासन्‌तास करत राहिली आणि फारशी चिडलीसुद्धा नाहीत. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, आमची सहनशक्ती तपासत असाल, अजून काय!

मला यातलं ते 'कमीत कमी' फार आवडतं. म्हणजे एखाद्या कामसू माणसानं चाळीस केले तर शास्त्राची हरकत नाही.

आपल्याकडे ज्यानं शाळेत 'मी वर्गात बोलणार नाही' हे वाक्य शंभरदा लिहिलं आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. आम्ही ते उभ्या रकान्यांत लिहायचो. आधी शंभर वेळा 'मी', मग शंभर वेळा 'वर्गात'. शेवटी पानभर नुसतं 'नाही' उतरताना एक वेगळाच आनंद व्हायचा. गुरुजी ती वही न बघताच गठ्ठ्यावर टाकत. बत्तीस तुकडे करत नसत एवढंच, कारण मागची कोरी पानं त्यांच्या हिशोबाला लागायची.

ऑर्नला संमोहनाचं माप मिळालं नाही, पण दुसरंच एक घबाड हाताला लागलं. तपासून पाहावं म्हणून ओळखीच्या काही जणांना सांगितलं, माझं एक काम करा, पाच जोर काढा. लोक थक्क होऊन म्हणाले, का? तशाच दुसऱ्या काही जणांना सांगितलं, एका छोट्याशा प्रयोगात भाग घ्या, पाच जोर काढा. ते म्हणाले, कुठे?

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. समोरच्या ब्लॉकमधले काका पेपर मागायला आले होते, त्यांना म्हटलं, "काका, जरा पाच जोर काढता का?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?" पेपर न घेताच गेले. पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या नानांना गाठलं. "नाना, ज्येष्ठांवर एक प्रयोग चाललाय. पाच जोर." नाना चष्मा काढत म्हणाले, "हॉलमध्ये चालतील की गच्चीत जायचं?" तीन काढले, चौथ्याला पालथे राहिले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट मिळतं का यात?" दुसऱ्या दिवशी नानी स्वतः वर आल्या. मला वाटलं भांडायला. तर म्हणाल्या, "बायकांचा गट कधी घेताय?"

तर मला वाटतं, हे शास्त्रज्ञ चिकाटी मोजायला निघाले आणि त्यांनी मोजली ती भीड. बोस्टनच्या त्या खोलीत बेरीज सोडून जायला कुणाचीच मनाई नव्हती. फक्त उठून "मी जातो" एवढं म्हणायचं होतं, आणि ते म्हणणं साडेपाच तासांच्या बेरजांपेक्षा जड होतं. आपल्याकडे प्रयोगशाळेची गरज नाही. लग्न झालेल्या घरी चहाला जा. अल्बम येतो. हळदीचे फोटो, मग पुन्हा हळदीचेच, फक्त दुसऱ्या कोपऱ्यातून. "ही कोण ओळखलंत का?" आपण ओळखत नाही आणि ओळखायची इच्छाही नाही, तरी मान तिरकी करून म्हणतो, "सुलूची जाऊ का?" अल्बम संपतो तोवर व्हिडिओ सुरू झालेला असतो. पाहुणा कंटाळतो, यजमानही कंटाळलेला असतो, आणि दोघंही एकमेकांच्या भिडेनं अक्षता पडेपर्यंत बसून राहतात. ऑर्नच्या बाबतीत निदान एक बाजू साडेपाच तासांनी शरण गेली.

भीड पुरी पडत नाही तिथे मन स्वतःची समजूत काढतं. स्टॅनफर्डमध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी, १९५९ साली छापलेल्या एका प्रयोगात, विद्यार्थ्यांना अर्धा तास ताटलीत रिळं मांडायला आणि काढायला लावलं, आणि पुढचा अर्धा तास ४८ चौकोनी खुंट्या पाव पाव फेरा फिरवायला. मग पुढच्या माणसाला जाऊन सांगा, की काम फार मजेचं आहे. एवढं खोटं बोलायचे काहींना २० डॉलर दिले, काहींना १. नंतर खरंखरं विचारलं, तेव्हा २० डॉलरवाले म्हणाले, काम रटाळ होतं. एक डॉलरवाल्यांना मात्र ते बरं वाटलेलं होतं! वीस घेणाऱ्याला खोटं बोलायला कारण होतं. एक घेणाऱ्याला तेही नव्हतं, म्हणून त्यानं काम गोड मानून घेतलं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना एक डॉलरही मिळत नाही. गच्चीची गळती, पार्किंगची भांडणं, पाण्याचा टँकर, आणि वार्षिक सभेत त्याच सभासदाची तीच हरकत, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललंय. विचारलं, की डोळे मिटून म्हणतात, "मला आवड आहे हो समाजकार्याची." फेस्टिंगरच्या हिशोबानं त्यांना दरमहा मानधन सुरू केलं, तर ते पहिल्याच महिन्यात राजीनामा देतील. काही सभासद त्या दृष्टीनं विचार करताहेत.

भीड घालायला समोर माणूस लागतो, असा माझा समज होता. तो माझ्या बँकेनं दूर केला. केवायसीसाठी फोन लावला तर यंत्रातली बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाइनवर राहा. मग बासरी. मग पुन्हा बाई. ऑर्नची सूचनाच ही: मी येईन केव्हातरी. फरक एवढाच, की ऑर्नकडचा माणूस दमला, ही दमत नाही. आणि मी फोन ठेवत नव्हतो. कशासाठी? आत्ता ठेवला आणि पुढच्याच क्षणी कुणी उचलणार असेल तर? शिवाय ती इतक्या नम्रपणे सांगतेय!

अशा रिकाम्या वेळात माणूस काय करतो तेही मोजून झालंय. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन यांनी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एकेकाला १५ मिनिटं नुसतं विचार करत बसवलं. जवळ एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका नको, हवं तर पैसे देतो, असं याच लोकांनी आधी म्हटलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो स्वतःहून घेतला. एका पठ्ठ्यानं तर १९० वेळा. बँकेची बासरी ऐकताना माझं लक्ष सारखं मिक्सरच्या ढिल्या झालेल्या प्लगकडे का जात होतं, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी एक मुलगी आली, अतिशय गोड बोलली, काम दोन मिनिटांत केलं, "आणखी काही मदत?" असं विचारलं, आणि मी फोन ठेवून घरात जाहीर केलं, की सर्व्हिस चांगली आहे. यामागचं शास्त्र डॅनिएल काहनेमन यांनी १९९३ साली त्याच जुन्या गार पाण्यात दाखवलंय. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचा गारठा हळूहळू एका अंशानं कमी होतो. यातलं पुन्हा कुठलं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. शेवट बरा झाला, की बाकीचं आठवणीतून उतरतं. कचेरीत चार खेपा घालायला लावून पाचव्या खेपेला "बसा, चहा घ्या" म्हणणाऱ्या कारकुनाला हे उपजतच ठाऊक असतं. आपण घरी येऊन सांगतो, माणूस मात्र चांगला आहे हं.

माझी मावशी या सगळ्या मापांबाहेर आहे. वय ऐंशीच्या पुढे. नोव्हेंबर आला की ती हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते. आता मोबाइलला चेहरा दाखवूनही आपण जिवंत आहोत हे सिद्ध करता येतं. मी म्हटलं, "मावशी, मी घरीच करून देतो, तू कशाला रांगेत तिष्ठतेस?" तर ती वैतागली. "तिष्ठते कशाला? देसाईबाई येतात, गुप्तेंची सून येते, वर्षातून एकदा भेट होते. डबा नेतो आम्ही." साहेबानं एकदा तिचा नंबर लवकर घेतला, तर तिनं मागच्या दोघींना पुढे पाठवलं होतं, वाटली डाळ संपायची होती म्हणून. तिला बोस्टनच्या खोलीत बसवलं असतं, तर तिनं शेजारच्या खोलीतल्यालाही बोलावून घेतलं असतं.

परवा तिच्याकडे गेलो होतो. ती पसाभर मेथी निवडत बसली होती. मी तिला ऑर्नचा प्रयोग रंगवून सांगितला. बेरजा, गठ्ठा, कार्ड, कमीत कमी बत्तीस तुकडे, पुन्हा कार्ड, पुन्हा बत्तीस तुकडे, तासन्‌तास. माणसाच्या सोशिकपणाला कसा अंत नाही, ते मी हातवारे करून सांगत होतो. तिनं मेथीच्या काड्या कागदावर गोळा केल्या, खाली पडलेली दोन पानं वेचली आणि विचारलं,

"आणि तो केर कुणी काढला?"